कोकणातल्या जुन्या कौलारू घरातली एक खोली सहा वर्षांच्या मुलीसाठी कशी करून घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की राजापूरजवळचं आजोबांचं घर जांभ्याच्या चिऱ्याचं आहे. माजघराला लागून असलेली खोली लेकीला द्यायची आहे, भिंती कमरेपर्यंत ओल धरतात, आणि गवंडी सिमेंटचा गिलावा, चकचकीत टाइल्स आणि वर पीओपी सुचवतोय. माझं म्हणणं स्पष्ट आहे: यातलं काहीही करू नका. संगमेश्वरकडच्या सासरच्या घरी आम्ही कायमचे राहायला आलो, तेव्हा मुलासाठी अशीच खोली करून घेतली. त्यावरून लिहितेय.

सगळ्यात आधी ओल, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. जांभा सच्छिद्र असतो, पायातलं पाणी शोषून वर चढवतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू सुकून बाहेर पडतं. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आतल्या आत आणखी वर जाते, क्षार फुलतात, गिलाव्याला पोपडे येतात आणि मूल नेमकं त्या बुरशीच्या वासात झोपतं.

म्हणून खोलीत हात घालण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. अंगणात वर्षानुवर्षं मातीची भर पडून जोतं अर्धं गाडलं गेलेलं असतं. ती माती काढा, बाहेरची जमीन आतल्या भुईपेक्षा निदान हातभर खाली हवी. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी उडत असेल तर पन्हळ लावून ते गडग्यापलीकडे सोडा. कौलं परतून घ्या, फुटकी बदला, वासे-रिपा ठोकून वाळवी बघा. एवढ्यानंच भिंती पुष्कळ सुकतात.

मग जुना फुगलेला गिलावा खरवडून चुन्याचा करा. नीट भिजवून मुरवलेला चुना एक भाग आणि वाळू तीन भाग. वाळू खाडीची नको, तिच्यातलं मीठ पुन्हा ओल ओढतं. काम झाल्यावर काही दिवस पाणी मारत राहायचं आणि वर चुन्याचीच सफेदी. चुना अल्कधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही. फक्त ओला चुना डोळ्यांत गेला तर इजा करतो, काम चालू असताना मुलीला तिकडे फिरकू देऊ नका. तुमच्या गवंड्याला चुन्याचं काम येत नसेल तर जुन्या देवळांची डागडुजी करणारे शोधा, त्यांच्या हाताला ते वळण असतं. मजुरी जास्त जाईल. माझ्या मते ती द्यावी आणि कपाटं पुढच्या वर्षी करावीत.

दारं-खिडक्यांवर जुन्या ऑइल पेंटचे थर असतील. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं आहे असंच धरून चाला. मुलांच्या वाढत्या मेंदूला ते बाधतं आणि त्याची धूळ सगळ्यात वाईट. कोरडा पॉलिश पेपर किंवा मशीन फिरवू देऊ नका. पाणी मारून घासायचं, खाली प्लास्टिक पसरायचं, निघालेला चुरा बांधून टाकायचा. कारागिरालाही हे समजावून सांगा, त्याच्या घरीही मुलं असतात.

पीओपीला माझा विरोध विंचू आणि सापासाठी आहे. कौलं आणि पीओपी यांच्यातल्या पोकळीत उंदीर राहतात, उंदरांमागे साप येतो आणि खाली कुणाला कळतही नाही. त्यापेक्षा फळ्यांचा माळा करा, वर चढून झाडता येईल असं झाकण ठेवा. उजेडासाठी छप्परात दोन-तीन काचेची कौलं आणि त्यांच्याखाली माळ्यात तेवढीच जागा मोकळी, फक्त तिथे बारीक जाळी हवी. चिऱ्यांच्या फटी चुन्याने बुजवा, उंबऱ्याखालची फट आधी.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखतही नाही, म्हणून तो लक्षात येत नाही. मुलीला पलंगावर झोपवा, पलंग भिंतीपासून सुटा आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली. लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेतू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध वापरून अशी कितीतरी मुलं वाचवली. ते औषध आणि सर्पदंशावरची लस तुमच्या जवळच्या आरोग्य केंद्रात असते का, हे राहायला येण्याआधीच विचारून ठेवा.

जमीन शहाबादी फरशीची करा. चकचकीत टाइल पावसाळ्यात घामेजते आणि पोरं धावताना घसरतात. सारवायला घरात माणूस असेल तर शेणाची भुई ठेवायलाही हरकत नाही, पण सहसा नसतं.

वायरिंग पूर्ण नवं घ्या, लाकडी पट्टीतल्या जुन्या वायरवर विसंबू नका. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, यात काटकसर नको. खिडकीचे गज लांब लांब असतील तर मधे आणखी बसवून अंतर दहा सेंटिमीटरच्या आत आणा.

दिवाळीनंतर काम काढा, म्हणजे मार्चपर्यंत गिलावा सुकेल. रंग आणि सामान मात्र पहिला पावसाळा सरल्यावरच. भिंत कुठे ओलावते ते तेव्हाच नेमकं दिसतं, आणि कपाट कोणत्या भिंतीला लावायचं नाही हेही.