हर्णैला ट्रॉलरवर काम करणाऱ्या भावाने पावसाळी मासेमारीबंदीत दारू सोडली. रक्ततपासणीत ते कळेल का?

कळेल, पण त्याआधी एक विचारतो: सोडून किती दिवस झाले? रोज पिणाऱ्याने एकदम थांबवली तर पहिले चार-पाच दिवस जिवावरचे ठरू शकतात. साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काही जण भ्रमात जाऊन बरळू लागतात. हे किती तीव्र होईल ते सांगणारी एकच खात्रीची रक्ततपासणी नाही. डॉक्टर नाडी, रक्तदाब, कंप, घाम, बेचैनी पुन्हापुन्हा बघून ठरवतात. रक्तात पोटॅशियम, मॅग्नेशियम, साखर पाहतात. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) दिलंय का, हे तुम्ही जरूर विचारा. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, रत्नागिरीत जिल्हा रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालयही. आकडी किंवा भ्रम दिसला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.

आता तपासण्या. जीजीटी (यकृतातल्या एका एन्झाइमची रक्ततपासणी) स्वस्त, सगळीकडे होते, दारू बंद राहिली तर काही आठवड्यांत उतरते. मात्र फॅटी लिव्हरमुळे किंवा काही औषधांनीही वाढते. सीडीटी (खूप दारूने रक्तात बदलणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी) जास्त नेमकी, दोन ते चार आठवड्यांत खाली येते. एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, उतरायला महिने लागतात, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. लघवीतली ईटीजी (दारूपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाची तपासणी) फक्त मागचे दोन-तीन दिवस दाखवते.

एका आकड्यावरून भावाला खोटं ठरवू नका. दर महिन्याला उतरता आकडा त्यालाच दाखवा.