हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी आईचं नाव बघा

काटोल तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४१. वडील २०२१ मध्ये गेले, मृत्युपत्र केलं नव्हतं. माहेरी सहा एकर वावर, दोन भाऊ आणि आई. भाऊ म्हणतात, "हक्कसोडपत्रावर सही कर, चार लाख देतो. आईपण सही करणार आहे." नवरा म्हणतो, त्या पैशात सासऱ्यांच्या चार एकरात बोअर आणि ठिबक करू, म्हणजे संत्रा जगेल. मुलगी बारावी झाली, तिला बीएस्सी ॲग्रीला जायचं आहे. शेवटी ताईंनी लिहिलं आहे, "सही नाही केली तर माहेर तुटते, केली तर घरात पैसा येते. काय करू?"

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. आत्ता सही करू नका. आणि चार लाख हातात आलेच, तरी ते सासऱ्यांच्या नावावरच्या वावरात घालू नका. दोन्ही गोष्टी तुम्हाला घरच्यांना समजावून सांगाव्या लागणार आहेत, म्हणून हिशेब नीट मांडते.

तुम्हीच लिहिलं आहे की तुमच्या गावात एकराला बारा लाखांचा भाव चालू आहे. आई, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार वारस. जमीन आजोबांपासून आलेली असो की वडिलांनी स्वतः घेतलेली, दोन्ही बाजूंनी आकडेमोड केली तरी तुमचा हिस्सा चौथाच येतो, म्हणजे दीड एकर. त्याची किंमत अठरा लाख. भाऊ चार लाख देतात, म्हणजे रुपयाला बावीस पैसे. सख्ख्या भावाशी बाजारभावाने बोलू नये हे मलाही कळतं, पण किती सोडतो आहोत हे माहीत असून सोडणं आणि माहीत नसताना सोडणं यात फार फरक आहे. तुमच्या पत्रात अठरा लाखांचा आकडा कुठेच नाही. मला वाटतं, तो तुम्हाला कोणी सांगितलाच नाही.

लग्न झालं म्हणून हा हिस्सा जात नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तोही अडसर गेला. ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मुलीचा हा हक्क जन्मापासूनचा आहे. तुम्हाला लग्नात दिलेलं सोनं, आंदण हे सगळं खरं असेल, पण त्याने वावरातला हिस्सा फिटत नाही.

भावांची बाजूही खोटी नाही. वडिलांच्या दवाखान्याचा खर्च त्यांनी केला असेल, सोसायटीचं कर्ज तेच फेडत असतील, आई त्यांच्याकडेच राहते. तो खर्च मांडा. वडिलांच्या मागे २,४०,००० चं कर्ज राहिलं असेल, तर त्यातले ६०,००० तुमच्या वाट्याचे, ते द्यायची तयारी दाखवा. जिला हिस्सा हवा तिने देणंही उचलावं. असं बोलायला बसलात तर भावालाही कळेल की ताई भांडायला आलेली नाही.

पुष्कळदा खरी अडचण वेगळीच असते. सामाईक सातबाऱ्यावर कर्ज काढायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, म्हणून भावांना बहिणीचं नाव काढून टाकावंसं वाटतं. त्याला हक्कसोड हा एकच उपाय नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीने तहसीलमध्ये वाटप करून घेता येतं. ज्याचं त्याचं वावर वेगळं झालं की ज्याचं त्याचं कर्ज वेगळं. तुमचे साठ गुंठे भावांनाच मक्त्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, कसायला द्या. तुमच्याकडे एकरी पंधरा हजारांचा मक्ता चालतो म्हणता, म्हणजे वर्षाला २२,५०० रुपये आले. चार लाखांच्या ठेवीवर सात टक्क्यांनी २८,००० येतील हे मान्य आहे. पण ठेवीत चार लाखच राहतात, आणि इथे अठरा लाखांचं वावर तुमच्या नावावर राहतं. "जमीन बाहेर जाईल" या भावांच्या धास्तीवर बोलायलाही हे बरं पडतं. आणि वाटप व्हायच्या आधीच तुम्ही विकायला काढलंच, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे विकत घेण्याचा पहिला हक्क त्यांचाच आहे.

आणि समजा, तुम्हाला मनापासून काही द्यायचंच आहे. मग अर्धा एकर द्या, एक एकर ठेवा. हक्कसोड पूर्णच करावा लागतो असं नाही. एकदा दुय्यम निबंधकाकडे नोंदला, की "मला कळलं नव्हतं" म्हणून तो परत फिरवणं फार कठीण, ही बाब मात्र लक्षात असू द्या.

आता ज्या ओळीवर मी सगळ्यात जास्त थांबले ती. "आईपण सही करणार आहे." ताई, आईचाही चौथा हिस्सा आहे, तिचेही दीड एकर. तिने सही केली की तिच्या नावावर काहीच उरत नाही. सातबाऱ्यावर नाव असेल तर शेतकरी ओळखपत्र निघतं आणि त्यावर पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये मागता येतात. स्वतःचं पीककर्ज आणि पीकविमाही त्याच नावावर चालतो. नाव गेलं की चहासाठी पत्ती आणायलाही सुनेकडे हात पसरावा लागतो. भाऊ चांगलेच आहेत, असं तुम्ही लिहिलं आहे, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण भावांच्या मागे त्यांचीही मुलं आहेत, कर्जं आहेत. आई तुमच्यापेक्षा अवघड जागी उभी आहे. तुमची सही थांबवायच्या आधी तिची थांबवा. तिला हिस्सा मुलांनाच द्यायचा असेल तर मृत्युपत्र करू दे. ते तिच्या मागेच लागू होतं, आणि जिवंतपणी तिला ते बदलताही येतं.

२०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहिवाटदारांत बाया जेमतेम चौदा होत्या. आणि खेड्यात काम करणाऱ्या बायांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त शेतीतच राबतात. तुम्ही लिहिलंत, निंदणाला तुम्हाला अडीचशे आणि गड्याला साडेचारशे. दर दिवसाला दोनशेचा हा फरक वर्षानुवर्षं सोसलेल्या बाईने दीड एकरही सोडावं, हे माझ्या मनाला पटत नाही.

सासरच्या बोअरचं सांगते. सासऱ्यांच्या हयातीत ते वावर सासऱ्यांचं. त्यांच्या मागे तुमच्या नवऱ्याचं, दिराचं, नणंदेचं. सून म्हणून तुमचा त्यात हिस्सा नाही. बोअर जमिनीला चिकटतो, पैसा परत निघत नाही. त्यात काटोल-नरखेडकडे पाणी किती खोल गेलं आहे ते तुम्ही माझ्याहून जास्त जाणता, कोरडा बोअर तुम्ही पाहिलाच असेल. ठिबकसाठी तर एवढी रक्कम लागायलाच नको. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केला तर लहान शेतकऱ्याला मंजूर खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, पण अर्ज सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याचा, म्हणजे सासऱ्यांचा. तेव्हा नवऱ्याला सांगा, "आधी मामंजींकडून वाटप होऊन तुमचं वावर तुमच्या नावावर येऊ द्या. मग लक्ष्मी मुक्ती योजनेत सातबाऱ्यावर माझं नाव सहहिस्सेदार म्हणून लावा." ही योजना १९९२ पासून आहे, नवऱ्याने स्वखुशीने अर्ज करायचा असतो. नाव लागलं की बोअरमध्ये पैसे घालायला माझी ना नाही, तेही भूजलाची पाहणी करून आणि सगळी रक्कम एकदम न घालता.

मुलीच्या शिक्षणाची घाई तुम्हाला सहीकडे ढकलते आहे, असं वाटतं. ती घाई थोडी सैल करा. घरचं वर्षाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक मागास गटातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. नागपुरात महाराजबागेजवळचं कृषी महाविद्यालय अकोल्याच्या विद्यापीठाचंच आहे, तिथला प्रवेश पहिल्या पसंतीला टाका. राहतो तो वसतिगृह आणि मेसचा खर्च. तो मक्त्याच्या पैशातून आणि गरज पडली तर छोट्या शैक्षणिक कर्जातून निघेल. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत.

या आठवड्यात पहिलं काम एकच. डिजिटल सातबारा काढा, १५ रुपये लागतात. २०२१ नंतर वारस नोंद झाली का, आणि झाली असेल तर त्यात आईचं आणि तुमचं नाव आहे का, ते बघा. वारस नोंदच झाली नसेल तर तलाठ्याकडे वडिलांचा मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती देऊन फेरफाराचा अर्ज द्या. त्यात नावं फक्त भावांचीच लागलेली दिसली, तर काटोलच्या विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नसते.

मग भावाला फोन करा, पण फोनवर हक्कसोडाचा विषय काढू नका. "आईला भेटायला येते, बसून बोलू," एवढंच म्हणा, आणि जाताना सातबाऱ्याची प्रत पिशवीत ठेवा.