एम.टेक.चा पेपर आयमॅक परिषदेला निवडला गेलाय. एवढा खर्च करून जावं का? तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की पुलाच्या स्टीलच्या छोट्या मॉडेलला हातोड्याने ठोकून, फ्रिक्वेन्सी किती उतरली त्यावरून तडा ओळखायचा, असा तुमचा विषय आहे. आणि घरचे विचारतायत, वीस मिनिटं बोलायला अमेरिकेला कशाला जायचं? पैशाची सोय होत असेल तर जाच. मी पुण्यात गाड्यांच्या भागांच्या कंपन-चाचण्या करतो आणि आयमॅकला एकदा पेपर वाचून आलोय, त्यावरून सांगतो.

आयमॅक ही मोडल अ‍ॅनालिसिसची, म्हणजे वस्तू कोणत्या फ्रिक्वेन्सीला कशी कंप पावते हे शोधण्याच्या शास्त्राची, आंतरराष्ट्रीय परिषद. पहिली १९८२ साली फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला भरली. आता सोसायटी फॉर एक्सपेरिमेंटल मेकॅनिक्स ही संस्था ती अमेरिकेत, ऐन हिवाळ्यात भरवते. आपण रोज वापरतो तो मॅक, म्हणजे दोन मोड शेप (एखाद्या फ्रिक्वेन्सीला वस्तू ज्या आकारात हलते तो आकार) किती जुळतात हे ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, सिनसिनाटी विद्यापीठाच्या रँडल अ‍ॅलेमँग आणि डेव्हिड ब्राउन यांनी त्या पहिल्याच परिषदेत मांडला होता. वीस वर्षांनी अ‍ॅलेमँग यांनीच या आकड्याच्या गैरवापरावरही लिहिलं. ते का लिहावं लागलं असेल, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

माझा पेपर एका ओतीव झाकणाच्या चाचणीवर होता. कॉम्प्युटर मॉडेलशी मॅक ०.९५ च्या वर येत होता, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होतो. बोलून झालं, टाळ्या झाल्या. मग चहाच्या वेळी एक वयस्कर गृहस्थ आले आणि म्हणाले, तुमचं ड्रायव्हिंग पॉइंटचं रीडिंग परत दाखवा. ड्रायव्हिंग पॉइंट म्हणजे जिथे हातोडा मारायचा तिथेच अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे कंपन मोजणारा सेन्सर, हवा. तिथल्या रीडिंगच्या काल्पनिक (इमॅजिनरी) भागाच्या आलेखात सगळी शिखरं एकाच बाजूला यावी लागतात, आणि एकूण परिमाणाच्या (मॅग्निट्यूड) आलेखात दर दोन शिखरांमध्ये एक खोल दरी दिसावी लागते. माझं चौथं शिखर उलटं होतं आणि त्याच्या अलीकडची दरी गायब होती. त्यांनी एकच विचारलं, "हातोडा नेमका कुठे मारलात?"

जागेवर सेन्सर मेणाने चिकटवलेला होता, म्हणून मी दोन बोटं सरकून मारला होता. चौथ्या मोडमध्ये नोडची रेघ, म्हणजे भाग जिथे हलतच नाही ती रेघ, नेमकी त्या दोन बोटांमधून जात होती. सेन्सर एका बाजूला, हातोडा दुसऱ्या. मोडल मास, म्हणजे त्या मोडमध्ये हलणारं वस्तुमान, याच रीडिंगवरून काढतात, म्हणजे माझे मोड शेप बरोबर असले तरी त्या मोडचं मास चुकलेलं होतं. आणि मॅकला हे दिसणं शक्यच नव्हतं. तो फक्त आकार जुळवतो, मोजपट्टी पाहत नाही. परत आल्यावर पहिलं काम केलं ते हेच: झाकणाच्या आतल्या अंगाने, सेन्सरच्या बरोबर पाठीमागे हातोडा मारला. सगळी शिखरं एका रांगेत आली.

ते आलेख आमच्या ऑफिसात कित्येकांनी पाहिले होते. कुणाच्या नजरेला ते आलं नाही, माझ्याही नाही. त्या माणसाने आयुष्यभर असेच आलेख पाहिलेत, म्हणून त्याला चहाचा कप हातात असताना दिसलं. खर्च करायचा तो याच्यासाठी.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख स्वीकृतीचं पत्र हातात पडताच घ्या, तिथे दिरंगाई नको. विद्यार्थ्यांना नोंदणीत सवलत असते. परिषदेच्या आधी छोटे वर्ग असतात. एक दिवस आधी पोचून त्यातला एक तरी करा. यंदा जमलंच नाही, तर बेल्जियममध्ये ल्यूव्हनला सम वर्षी सप्टेंबरमध्ये भरणारी इस्मा परिषदही तितक्याच तोलाची आहे.

आता तुमच्या विषयाचं. पहिला प्रश्न तापमानावर येईल, हे धरून चाला. स्वित्झर्लंडमधला झेड-२४ पूल १९९८ मध्ये पाडला. पाडण्यापूर्वी जवळजवळ वर्षभर त्याची कंपनं आणि हवामान मोजलं, आणि शेवटी मुद्दाम खांब खचवून, आतल्या ताणलेल्या तारा तोडून पाहिलं. त्यात दिसलं की थंडी शून्याखाली गेली की डांबर कडक होऊन फ्रिक्वेन्सी चांगलीच चढते, इतकी की खऱ्या नुकसानीचा बदल त्यात सहज झाकला जावा. तो डेटा आजही लोक पद्धती तपासायला वापरतात. तुमच्या सभागृहात तो वापरलेले लोक बसलेले असतील.

प्रयोगशाळेत डांबर नाही, पण नट-बोल्ट आहेत. टेकूचा नट कमी-जास्त आवळला तरी फ्रिक्वेन्सी हलते. म्हणून जायच्या आधी एक काम नक्की करा. तडा नसलेलं मॉडेल दहा वेळा पूर्ण सुटं करा, दहा वेळा परत बसवा, टॉर्क रेंचने आवळा, खोलीचं तापमान लिहून ठेवा आणि प्रत्येक वेळी मोजा. या दहा रीडिंगांची पसर आणि तड्यामुळे झालेली घसरण एकाच आलेखात, एकाच मोजपट्टीवर काढा. पसर मोठी निघाली तरी तो आलेख लपवू नका. कच्चा डेटा लॅपटॉपवर बरोबर न्या, आणि चहाच्या वेळी लॅपटॉप बंद करू नका.