कार्डियाक अरेस्टनंतर बीपी टिकत नसेल तर हृदयाचा पंप लगेच लावावा की थांबावं?

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांना हार्ट अटॅकमध्ये अरेस्ट आला, सीपीआरनंतर हृदय सुरू झालं, अँजिओप्लास्टीही झाली, पण औषधांवरसुद्धा बीपी टिकत नाही. एक डॉक्टर म्हणतात आत्ताच पंप (हृदयाचं रक्त ढकलण्याचं काम काही काळ सांभाळणारं यंत्र) लावू, दुसरे म्हणतात काही तास बघू. ऐकायचं कोणाचं?

मी कार्डियाक आयसीयूत काम करतो. पेशंट न बघता निकाल देणार नाही, पण दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे.

बंद पडून पुन्हा सुरू झालेलं हृदय पहिले काही तास बधिर असतं. एकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग घाबरवण्याइतकं कमी दिसतं आणि दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणांचं सुधारतं. शिवाय अरेस्टनंतर रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी त्यानेही उतरतं. तिथे रक्तवाहिन्या आवळणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन कामाला येतं, पंपाचा फारसा उपयोग नसतो. थांबू म्हणणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा हेच असेल.

पण अटॅकनेच हृदयाचा मोठा भाग निकामी केला असेल, तर थांबणं महागात पडतं. एक औषध, मग दुसरं, मग तिसरं. तोवर किडनी आणि लिव्हर बसतात. इतक्या उशिरा पंप लावला तर मॉनिटरवरचा आकडा सुधारतो, माणूस सुधारतोच असं नाही.

फरक ओळखायला आम्ही रक्तातलं लॅक्टेट बघतो. अवयवांना रक्त कमी पडलं की ते वाढतं. अरेस्टनंतरचं पहिलं लॅक्टेट जास्त येणारच, कारण मधे रक्ताभिसरणच थांबलेलं असतं. त्या एका आकड्यावर पंपाचा निर्णय घेऊ नये. पुढच्या काही तासांत तो उतरतोय का, लघवी होतेय का, हातपाय गरम होतायत का, हे खरं. औषधांचा डोस वाढतोय आणि लॅक्टेट जागचं हलत नाही, तर माझ्या मते थांबण्याची वेळ संपली.

आता मेंदू. नातेवाइकांशी यावर सगळ्यात कमी बोललं जातं. २०२४ मध्ये डेंजर शॉक नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधले ३५५ रुग्ण, सगळे मोठ्या हार्ट अटॅकमुळे शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदय कमी पडून अवयवांना रक्त पुरत नसलेले. इम्पेला (धमनीतून हृदयात बसवायचा छोटा पंप) लावलेल्यांत १८० दिवसांत ४५.८ टक्के दगावले, न लावलेल्यांत ५८.५ टक्के. फरक मोठा आहे. मात्र हॉस्पिटलबाहेर अरेस्ट येऊन बेशुद्धच राहिलेल्यांना या अभ्यासात घेतलंच नव्हतं. असे बरेच रुग्ण मेंदूला झालेल्या इजेने जातात, आणि ती इजा पंपाने भरून येत नाही. त्यामुळे सासरे शुद्धीवर असतील, सांगितलेलं ऐकत असतील, तर हा आकडा त्यांना थोडाफार लागू. बेशुद्ध असतील तर ‘परदेशात सिद्ध झालंय’ एवढ्यावर होकार देऊ नका.

एक्मोबद्दलही विचारलंत, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, ऑक्सिजन देऊन परत ढकलणारं मशीन. २०२३ च्या जर्मनी-स्लोव्हेनियातल्या ईसीएलएस-शॉक अभ्यासात तीन चतुर्थांशांहून जास्त रुग्ण अरेस्टमधून आलेले होते, म्हणजे तुमच्या प्रसंगाच्या जास्त जवळचे. सुरुवातीलाच एक्मो लावलेल्यांत ३० दिवसांत ४७.८ टक्के गेले, नेहमीच्या उपचारांत ४९.०. म्हणजे सरसकट सगळ्यांना लवकर लावून काही मिळालं नाही, रक्तस्राव मात्र वाढला. बलून पंपाची (महाधमनीत फुगणारा-मिटणारा फुगा) गत साधारण तीच. २०१२ मध्ये ६०० रुग्णांवर तपासला, मृत्यूत फरक नाही. आपल्याकडे तो स्वस्त आणि हाताशी असतो म्हणून अजून लागतो.

पंप लागलाच तर पायाकडे लक्ष ठेवा. जाड नळी मांडीतल्या धमनीतून जाते, पायाचा रक्तपुरवठा अडू शकतो. भेटायला जाल तेव्हा दोन्ही पावलांना हात लावून बघा. एक गार किंवा पांढरट वाटलं तर लगेच सिस्टरना बोलवा. लघवीच्या पिशवीत लालसर, कोऱ्या चहासारखा रंग दिसला तरी सांगा. पंपात रक्तपेशी फुटत असतील. डेंजर शॉकमध्येही पंपवाल्यांना डायलिसिस जास्त लागलं होतं.

आज राउंडला दोन्ही डॉक्टरांना एकत्र गाठा आणि विचारा: शेवटची दोन लॅक्टेट किती आली, हृदयाची उजवी बाजू कशी आहे, झोपेचं औषध कमी केल्यावर ते डोळे उघडतात का, आणि किती तासांनी, काय दिसलं तर निर्णय बदलणार? तिथे पंपाची सोय नसेल तर दुसरीकडे हलवायचं आजच ठरवा. तीन-तीन औषधांवरचा पेशंट रात्री अँब्युलन्सने नेणं फार जिकिरीचं असतं.