आधी धावपट्टी, मग डॉगफाइट

भावा, कॉम्प्युटरवर विमान उडवायला शिकायचंय ना, मग पहिल्याच दिवशी खेळातलं एफ-१६ लढाऊ विमान विकत घेऊ नकोस. डीसीएस वर्ल्ड हा विमान उडवायचा खेळ फुकट मिळतो, त्यात टीएफ-५१डी मस्टँग हे जुनं पंख्याचं विमान असतं. महिनाभर तेच उडव. जॉयस्टिक साधा, पिळता येणारा चालतो, रडरचं, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरच्या सुकाणूचं, काम होतं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायचा दांडा, एकदम पुढे ढकललास की पंख्याच्या रेट्यानं विमान डावीकडे पळतं, म्हणून उजवा रडर हळूहळू द्यायचा. मी कित्येक दिवस गवतातच लोळत होतो! पण मजा तिथंच आहे, यंत्र तुझे लाड करत नाही. डॉगफाइटमध्ये, म्हणजे विमानं जवळून एकमेकांशी लढताना, उंची म्हणजे शिल्लक. यवतेश्वरच्या घाटातून सायकल सोडल्यावर पायडल मारावं लागत नाही ना, तसा उंचीचा वेग होतो. स्टिक जास्त ओढलीस तर मात्र स्टॉल, म्हणजे पंखांची उचल जाऊन विमान खाली पडतं. आणि हो, साताऱ्यात पावसाळ्यात यूपीएस हवाच; लाईट नेमकी लँडिंगलाच जाते.