डेअरीतलं कॉस्टिक सोड्याचं पोतं दगड झालं तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : छोटी डेअरी आहे, सीआयपीसाठी, म्हणजे यंत्रं आणि पाइप न उघडता जागेवरच धुण्यासाठी, कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्सची (पातळ चकत्यांची) ५० किलोची पोती येतात, पावसाळ्यात एक अर्धं पोतं दगडासारखं घट्ट झालं. ते फोडून वापरावं का, टाकायचं झालं तर कुठे, आणि पुढे माल ठेवायचा कसा?

आधी एक सांगतो, त्या पोत्याला हातोडा किंवा पहार लावू नका. घट्ट कॉस्टिक फोडताना खपल्या उडतात, आणि एक बारीक खपली डोळ्यात गेली तरी दृष्टी जाऊ शकते. मी दूधप्रक्रिया प्लांटमध्ये सीआयपी आणि ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) सांभाळतो. तिथे नव्या पोराला व्हॉल्व्ह दाखवायच्या आधी मी गॉगल घालायला लावतो.

ॲसिडला सगळे घाबरतात, कॉस्टिकला फारसं कोणी घाबरत नाही. नायट्रिक ॲसिडचा कॅन उघडला की वाफ नाकात जाते आणि माणूस आपोआप मागे सरतो. कॉस्टिकला ना वास ना धूर. हातावर पडलं तरी सुरुवातीला नुसतं बुळबुळीत लागतं, आग बऱ्याचदा उशिरा होते. तोवर कातडीतल्या चरबीचा साबण व्हायला लागलेला असतो. ॲसिडने भाजलं की वरची प्रथिनं गोठतात आणि ॲसिडला पुढे जायला थोडा अडसर होतो. कॉस्टिकसारखी अल्कली मात्र पेशी विरघळवत आत शिरते. म्हणून कॉस्टिक हाताळताना ॲसिडपेक्षा जास्त कडक शिस्त हवी, असं माझं ठाम मत आहे. बाजूने बंद असलेला केमिकल गॉगल, त्यावर फेसशील्ड, लांब बाह्यांचे नायट्रिल किंवा पीव्हीसी हातमोजे, पीव्हीसी एप्रन आणि गमबूट एवढं लागतंच. पँट गमबुटाच्या बाहेर सोडा, आत खोचलीत तर सांडलेलं सगळं बुटात जमतं. चामड्याचे हातमोजे चालत नाहीत, कॉस्टिक चामडं खातं.

आता तुमचं पोतं. हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे ते असं झालं. त्यातला थोडा भाग धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये बदलला असेल. ताकद थोडी घटली असेल, पण माल वाया गेलेला नाही. वापरून संपवणं हीच त्याची सगळ्यात चांगली विल्हेवाट. एचडीपीईची (जाड, कडक प्लास्टिकची) किंवा स्टेनलेस स्टीलची उघडी टाकी घ्या, तीत थंड पाणी भरा आणि गठ्ठा स्टीलच्या जाळीच्या टोपलीत ठेवून पाण्याच्या वरच्या थरात लटकवा. विरघळलेलं जड द्रावण आपोआप खाली जातं. मधूनमधून सावकाश ढवळत राहा. गठ्ठा तळाशी सोडून दिला तर तिथे दाट, तापलेला थर साचतो आणि कोणी अचानक ढवळलं की उसळून अंगावर येतो.

उष्णतेचा अंदाज असावा म्हणून आकडे देतो. १ किलो कॉस्टिक विरघळताना साधारण १,१०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. १०० लिटर पाण्यात १० किलो घातलं तर पाणी पंचवीसेक अंशांनी तापतं. तेवढ्याच पाण्यात अख्खं पोतं रिकामं केलं तर उकळी फुटेल. म्हणून आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक. उलटं कधीही नाही, आणि गरम पाणीही नाही. तयार द्रावणाची ताकद टायट्रेशनने, म्हणजे मोजून ॲसिड घालत, बघा. फिनॉल्फ्थॅलीन घालून गुलाबी झालेल्या १० मिली नमुन्याचा रंग जायला १ नॉर्मल (ठरावीक ताकदीचं) ॲसिड २.५ मिली लागलं, तर द्रावण १ टक्क्याचं आहे.

डेअरीत हमखास हाताशी असतात त्या ॲल्युमिनियमच्या दुधाच्या कॅन. त्यात कॉस्टिक कालवायचं नाही आणि ओतून ठेवायचंही नाही. ॲल्युमिनियम खाल्लं जातं आणि हायड्रोजन सुटतो. झाकण लावलेलं असेल तर दाब वाढतो, जवळ ठिणगी उडाली तर पेट घेतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीचंही तेच. दुसरा धोका बंद टाकीचा. तळाशी दूध उरलेलं असताना त्यावर कॉस्टिक गेलं तर दुधातल्या साखरेपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला वास नसतो. म्हणून आधी साध्या पाण्याने टाकी पूर्ण धुवा, मग कॉस्टिक फिरवा, आणि नंतर कोणाला आत उतरायचंच असेल तर हवा खेळवून, वायू तपासून आणि बाहेर माणूस उभा करूनच उतरू द्या.

साठवणीला फार काही लागत नाही. कोरडी खोली, जमिनीपासून वर पॅलेट, भिंतीपासून थोडं अंतर. उघडलेल्या पोत्याचं आतलं प्लास्टिक घट्ट बांधून ते झाकणाच्या एचडीपीई ड्रममध्ये ठेवा. नायट्रिक ॲसिड वेगळ्या खोलीत. युरिया किंवा अमोनियम सल्फेटची पोतीही शेजारी नकोत, ओल लागली की अमोनिया सुटतो. आणि कॉस्टिक पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कोणाला देऊ नका. मोरी तुंबली म्हणून कामगार थोडं घरी मागतो, आपण भिडेपोटी देतो, आणि घरातलं लेकरू ती बाटली तोंडाला लावतं. असं झालंच तर उलटी करायला लावू नका. तोंड धुऊन थेट दवाखाना गाठा.

डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर पहिल्या काही सेकंदांत पाणी मिळायला हवं. मोटरवर चालणारा शॉवर लाइट गेली की उपयोगाचा नाही, म्हणून वरच्या टाकीतून उताराने पाणी येईल अशी जोडणी करा. डोळ्याच्या पापण्या बोटांनी उघड्या धरून किमान २० मिनिटं धुवा, नेतानाही पाणी चालू ठेवा. लिंबू, व्हिनेगर, तूप, हळद काही लावू नका. डॉक्टरांना पोत्यावरचं लेबल दाखवा.

टाकाऊ द्रावणाबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो : भरपूर पाणी सोडलं की झालं. कागदावर हिशेब करा. १ टक्क्याच्या द्रावणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ म्हणजे उदासीन) १३.४ च्या आसपास असतो. नुसत्या पाण्याने तो ९ वर आणायचा तर एका लिटरला २५,००० लिटर पाणी लागेल. सांडपाण्याच्या पीएचची सर्वसाधारण मर्यादा ५.५ ते ९ आहे. तेव्हा उदासीन करणं हाच मार्ग. सीआयपीतलं पातळ कॉस्टिक आणि पातळ नायट्रिक समतोल टाकीत (सांडपाणी एकत्र करायच्या टाकीत) हळूहळू एकत्र आणा, पीएच मोजा, मग ईटीपीला सोडा. दाट कॉस्टिकवर दाट ॲसिड ओतू नका. हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) मात्र या टाकीत यायला नको, ॲसिडशी गाठ पडली की क्लोरीन सुटतो. गोबरगॅस, सेप्टिक टँक आणि ओढा तिन्ही वर्ज्य. शेतात सोडलंत तर सोडियममुळे जमीन चोपण होईल, आणि ती सुधारायला वर्षं जातात.

खरोखरच निकामी, घाण मिसळलेला माल उरला तर तो घातक कचरा समजून २०१६ च्या नियमांप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतल्या केंद्राकडे, तळोजा किंवा रांजणगावसारख्या ठिकाणी, मॅनिफेस्टसह (कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्रासह) पाठवावा लागतो. रिकामी पोती आणि आतलं प्लास्टिकही त्याच नियमांत, अनुसूची १ मध्ये ३३.१ वर आहेत. गावात ती पोती धान्याला, पेंडीला मागून नेतात. कोणालाही देऊ नका. फाडून, वेगळी बांधून ठेवा आणि मालासोबतच पाठवा.