लग्नाची पहिली शूटिंग घेतलीयस ना भावा, मग एवढं कर

गिंबल (कॅमेरा हलू नये म्हणून लावतात तो दांडा), ड्रोनच्या नादी आत्ता लागू नको, आहे तो कॅमेरा पुरे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अक्षता. अंतरपाट खाली येतो तो क्षण परत मिळत नाही, त्यामुळं शेवटच्या मंगलाष्टकाआधीच जागा धरून उभा राहा, पाव्हणे मधी येतात म्हणून स्टेजच्या कडेला, आणि फोकस मॅन्युअलवर टाक, नाहीतर उडणाऱ्या तांदळावर कॅमेरा फोकस शोधत बसतो अन् नवरा-नवरी ब्लर. मी शूट केलेल्या पहिल्या लग्नात हेच झालं, अजून वाईट वाटतं.

- सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) ठेवलीस तर शटर १/५० सेकंदावर ठेव, हॉलच्या लायटी फ्लिकर मारत नाहीत.
- भटजींच्या माइकजवळ छोटा रेकॉर्डर ठेव, आवाज गेला की व्हिडिओ गेला.
- बॅटऱ्या जास्तीच्या घे. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात वरात शूट करताना कॅमेरा तापून बंद पडतो, मधी मधी सावलीत ने.

घरी आल्या आल्या दोन ठिकाणी कॉपी, तोवर कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

एडिटिंगला नवीन पोरं ट्रान्झिशन (दोन शॉटच्या मधले इफेक्ट) अन् स्लो मोशन लई टाकतात. साधा कट मार, पाठवणीत आईचा चेहरा जरा जास्त वेळ राहू दे. कलर ग्रेडिंगचं (व्हिडिओचे रंग जुळवायचं काम) दोन-चार लग्नं झाल्यावर बघू. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत जाऊन गर्दीत शूटिंगची प्रॅक्टिस कर, लई शिकशील.